संसर्गोत्तर मूत्रपिंडदाह

संसर्गोत्तर मूत्रपिंडदाह हा घसा किंवा त्वचेचा जीवाणुसंसर्ग होऊन गेल्यावर उद्भवणारा मूत्रपिंडांचा विकार आहे. तो मुख्यतः ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलांत आढळतो. ३ वर्षांखालील बालकांत क्वचितच होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण अधिक असते.

कारणे

‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंचे काही प्रकार या विकारास कारणीभूत ठरतात. हे जीवाणू मूत्रपिंडावर थेट आक्रमण करीत नाहीत. त्यांच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे व जीवाणूंचे घटक यांची संयुगे मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशिकागुच्छांत साचतात आणि तेथे दाह निर्माण होतो. त्यामुळे घसादुखीनंतर साधारणतः १ ते २ आठवड्यांनी, तर त्वचेवरील पुवाळलेल्या फोडांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी लक्षणे दिसतात. तोपर्यंत मूळ संसर्ग बहुधा बरा झालेला असल्याने दोहोंतील संबंध पालकांच्या लक्षात येत नाही.

लक्षणे

लघवीतून रक्त जाऊन तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. सकाळी उठल्यावर चेहरा, विशेषतः डोळ्यांभोवतीचा भाग, सुजलेला दिसतो. लघवीचे प्रमाण घटते व रक्तदाब वाढतो. तीव्र डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा धाप लागणे ही धोक्याची लक्षणे असून अशा वेळी मुलास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

निदान

लघवीच्या तपासणीत तांबड्या रक्तपेशी व प्रथिने आढळतात. रक्तातील सी-३ या पूरक प्रथिनाची पातळी घटलेली असते. ती बहुधा ६ ते ८ आठवड्यांत पूर्ववत होते. तसे न झाल्यास मूत्रपिंडाच्या अन्य विकारांचा शोध घेतला जातो.

उपचार

मीठ व द्रवपदार्थ मर्यादित ठेवणे, मूत्रल औषधे देणे आणि रक्तदाब नियंत्रित करणे यांवर भर असतो. शिल्लक जीवाणूंच्या नाशासाठी प्रतिजैविके देतात. मात्र सुरू झालेला दाह त्यांनी थांबत नाही. क्वचित डायलिसिसची गरज भासते. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. लघवीतील सूक्ष्म रक्तस्राव मात्र वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकू शकतो. हा विकार सहसा पुन्हा होत नाही. म्हणून संधिवाती ज्वराप्रमाणे दीर्घकाळ पेनिसिलिन द्यावे लागत नाही.

प्रतिबंध

खरूज खाजवून झालेल्या जखमांतही हे जीवाणू शिरतात. त्यामुळे खरजेवर घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेणे, त्वचेची स्वच्छता राखणे आणि घशाच्या व त्वचेच्या संसर्गावर वेळीच उपचार करणे महत्त्वाचे ठरते.