सण कसे रुजतात

श्रोतेहो, सण म्हटला की तो आपल्या खापरपणजोबांच्याही आधीपासून चालत आलेला असणार, असे आपण धरून चालतो. पण जरा जवळ जाऊन पाहिले, तर पुष्कळ चालीरीतींना जन्मसाल असते. आज गावोगाव बसणारा सार्वजनिक गणपती १८९३ पासून पुढे पसरला. घरातल्या चालीही अशाच कुणीतरी, कधीतरी, आणि बहुधा लेकरांसाठी सुरू केलेल्या असतात. याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घडले. ते म्हणजे मराठी नाताळ.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची माणसे नगरला आली. आता तुम्ही म्हणाल, त्यांनीच आपला सण आणून इथे लावला असेल. पण गंमत अशी की, ही मंडळी अमेरिकेच्या ज्या भागातून आली, तिथल्या जुन्या कर्मठ ख्रिस्ती पंथाला नाताळ मुळी पसंतच नव्हता. तिथल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावणारा कायदा झाला होता आणि तो १६८१ पर्यंत टिकला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने या दिवसाला सुट्टीचा मान दिला तो १८७० साली. म्हणजे आज आपण ओळखतो तसा मुलाबाळांचा, घरगुती नाताळ तिकडेही तेव्हा नव्यानेच रुजत होता. आपला 'नाताळ' हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आलेला. त्याचा अर्थ जन्म.

मग इथल्या घरांत हा सण रुजला कसा? त्यासाठी आधी त्या घरांची अडचण समजून घेतली पाहिजे. राहुरी, नेवासे, वडाळा या बाजूला जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांत महार-मांग समाजाची कुटुंबे बरीच होती. गावच्या सणात त्यांचा वाटा काय होता? दिवसभर गावकीची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार हाळी देऊन पोळीचा तुकडा मागायचा. लेकराने आईबापाला सणाच्या दिवशी पाहायचे ते दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे असलेले! हे सोडले ते बरेच झाले. पण सोडल्यावर हात रिकामा राहतो. शेजारी दिवाळीचे दिवे लागले की मूल विचारणारच, "आपला सण कधी?" या प्रश्नाला मोठ्यांना उत्तर शोधावे लागले. वरच्या जातींतून आलेल्यांची अडचण निराळी. त्यांचे माहेर तुटले, पंगत तुटली, आणि सण म्हणजे तर माहेर आणि पंगतच की!

उत्तर सापडले ते आपल्याच मातीत. १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची परंपरा आपलीशी केली. त्यात कृष्णराव सांगळे यांचे नाव मोठे आहे. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती होऊन नगरला आले. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. ताटातुटीची काही वर्षे गेली, आणि १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या आपल्या शिक्षकबंधूंना हे ठाऊकच आहे. टिळकांचे म्हणणे असे की, धर्म बदलला म्हणून भाषा, राग, रीत बदलायचे कारण नाही. त्यांनी अभंग आणि ओवीच्या घाटात भजने रचली, ती टाळ-मृदंगावर म्हणता येऊ लागली. फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मुलाला तोंडपाठ होईल असे गाणे हाती आले, की निम्मा सण उभा राहिला म्हणून समजा.

उरलेला निम्मा स्वयंपाकघरात उभा राहिला. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू होतात. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखीच कागदी चांदणी दारावर लागते. शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट जाते. दिवाळीला त्यांच्याकडून आलेले असतेच. आता पाहा, ज्या घराच्या वाट्याला पूर्वी सणाला मागणे होते, त्या घरातून आता देणे होऊ लागले. मुलाच्या हाती रुमालाने झाकलेले ताट देऊन त्याला शेजारी पाठवायचे, यात केवढा बदल झाला, तो विचार करून पाहा.

असाच प्रसंग पुढे आणखी मोठ्या प्रमाणावर आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर हजारो घरांतून जुने देव्हारे निघाले. तिथेही तोच प्रश्न होता, लेकरांसाठी काय? बुद्धपौर्णिमेची खीर, पांढरे स्वच्छ कपडे, १४ एप्रिलची मिरवणूक, यांनी ती जागा भरली. आज तिथली नातवंडे ही रीत फार जुनी समजतात.

यातून आपण घरापुरते काय घ्यावे? मला वाटते, तीन गोष्टी. मुलाच्या हाताला काम असावे, मग ते पणती लावण्याचे का असेना. गाणे त्याच्या बोलीतले असावे. आणि सण आपल्या उंबऱ्यावर संपू नये, त्यातले काही शेजारी पोहोचावे. पैसा फारसा लागत नाही. मात्र दर वर्षी त्याच दिवशी तेच केले पाहिजे. चार वर्षे नेमाने झाले, की पाचव्या वर्षी मूलच आठवण करून देते.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या वर्गातल्या मुलांना सांगा, आजी-आजोबांना विचारून या, आपल्या घरातली कोणती चाल कुणी आणि का सुरू केली? वहीच्या एका पानात मावेल एवढेच लिहून आणा. ती पाने एकत्र वाचा. गावाचा जो इतिहास कुठल्या दप्तरात सापडत नाही, त्यातला थोडा तुमच्या फळ्यासमोर जमा होईल.