केंट स्टेट, 4 मे 1970: गोळ्यांच्या आधीच लागलेला निकाल

व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या निःशस्त्र विद्यार्थ्यांवर ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही बहुतेकांनी दोष दिला तो विद्यार्थ्यांनाच. हे कसे घडले?

30 एप्रिल, रात्र
अध्यक्ष निक्सन दूरचित्रवाणीवर जाहीर करतात, की अमेरिकी फौजा कंबोडियात शिरत आहेत. युद्ध संपण्याऐवजी पसरते आहे. विद्यापीठे खवळतात.

1 मे, मध्यरात्र
केंट गावात बारबाहेर जमाव जमतो, दुकानांच्या काचा फुटतात. महापौर आणीबाणी पुकारतात.

2 मे, रात्र
विद्यापीठातील लष्करी प्रशिक्षणाची जुनी लाकडी इमारत पेटवली जाते. दहाच्या सुमारास नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव लष्करी दलाचे जवान आवारात दाखल होतात.

3 मे, सकाळ
गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स केंटमध्ये पत्रकारांपुढे टेबलावर मूठ आपटतात. हे निदर्शक कम्युनिस्टांहून आणि नाझी ब्राउनशर्टांहूनही वाईट आहेत, असे ते सांगतात. ते सिनेटच्या उमेदवारीसाठी लढत आहेत आणि त्याचे मतदान दोन दिवसांवर आले आहे.

4 मे, सकाळी 11
वर्ग चालू आहेत. दुपारच्या निषेधसभेवर बंदी आहे, पण अनेकांना त्या बंदीचा पत्ताच नाही. विद्यार्थी हिरवळीवर जमू लागतात.

दुपारी 12 च्या सुमारास
जीपमधून पांगण्याचा हुकूम सुटतो. उत्तरादाखल घोषणा होतात, काही दगडही येतात. अश्रुधुराची नळकांडी फुटतात, पण वारा धूर उडवून नेतो. संगिनी लावलेल्या रायफली घेऊन जवान टेकडी ओलांडतात, पलीकडच्या मैदानात थांबतात आणि परत वर चढतात.

12:24
माथ्यावर पोचताच काही जवान गर्रकन वळतात. 28 जण, 13 सेकंद, किमान 61 गोळ्या. जेफ्री मिलर (20) सुमारे 80 मीटरवर कोसळतो. ॲलिसन क्राउझ (19), विल्यम श्रोडर (19) आणि सँड्रा शॉयर (20) तर शंभर मीटरपलीकडे होते. सँड्रा तासाला निघाली होती. श्रोडर स्वतः लष्करी प्रशिक्षण घेत होता. नऊ जण जखमी होतात. त्यांतला एक कायमचा पांगळा होतो.

पुढची काही मिनिटे
संतापलेली मुले उतारावर ठाण मांडतात. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन फ्रँक रडवेल्या आवाजात विनवतात: इथून निघा, नाहीतर आणखी मुडदे पडतील. मुले उठतात. दुसरा गोळीबार टळतो.

त्याच दिवशी
व्हाइट हाउसचे निवेदन येते. विरोध हिंसक झाला की शोकांतिका ओढवते, असा त्याचा सूर. मेलेल्यांनीच मरण ओढवून घेतले, असा अर्थ लोक काढतात.

8 मे, दुपार
न्यूयॉर्कमध्ये मृतांसाठी जमलेल्या विद्यार्थ्यांना बांधकाम कामगार बदडून काढतात.

मेचा मध्य
शेकडो महाविद्यालये संपामुळे बंद पडली आहेत. ‘न्यूजवीक’ची जनमत चाचणी येते: 58 टक्के लोक विद्यार्थ्यांना दोषी धरतात, गार्डला फक्त 11 टक्के. याच सुमारास मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलीस दोन तरुणांना ठार करतात. त्याची देशभर फारशी दखलही घेतली जात नाही.

ऑक्टोबर
अध्यक्षांनीच नेमलेला स्क्रँटन आयोग विद्यार्थ्यांच्या हिंसेवर ठपका ठेवतो, पण गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य होता, असेही बजावतो.

तोवर लोकांची मते बनून गेली होती. अर्ध्याहून अधिक अमेरिकनांना तेव्हा युद्धच चूक वाटत होते, पण युद्ध नकोसे झाले म्हणून त्याविरुद्ध ओरडणारी मुले आपलीशी होत नाहीत. लोकांनी पाहिल्या त्या फुटलेल्या काचा आणि जळकी इमारत. कोण किती मीटरवर उभे होते, हे त्यांच्यापर्यंत नीट पोचलेच नाही. म्हणून ऱ्होड्स यांच्यासारखा सत्तेतला माणूस विद्यार्थ्यांना देशाचे शत्रू म्हणू लागेल, तेव्हाच त्याला अडवायला हवे. गोळी सुटल्यावर केलेली चौकशी न्याय्य असली, तरी ती उशिराच येते.