वॉशिंग्टन : गाव, घराणे आणि राजधानी

सातारकर, इंदूरकर या आडनावांतील ‘कर’ मूळ गावाची साक्ष देतो. इंग्लंडात मात्र पुष्कळदा गावाचे नावच आडनाव होऊन बसले. वॉशिंग्टन हे त्यांपैकी सर्वांत विख्यात होय.

बाराव्या शतकात ईशान्य इंग्लंडातील एका जमीनदारास ‘हार्टबर्नचा विल्यम’ म्हणत. त्याने ते गाव डरहॅमच्या बिशपास देऊन मोबदल्यात वेसिंग्टन घेतले. बिशपच्या ११८३ च्या महसुली दप्तरात या अदलाबदलीची नोंद आहे. वेसिंग्टन म्हणजेच आजचे वॉशिंग्टन. गाव बदलताच विल्यमचे नावही बदलले. कारण त्या काळी असे नाव माणसापेक्षा जमिनीला अधिक चिकटलेले असे.

पुढे आडनावे वंशपरंपरागत झाली. याच घराण्यातील लॉरेन्सने १५३९ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरातील सल्ग्रेव्हची जमीन खरेदी केली. परंतु तो ‘सल्ग्रेव्ह’ झाला नाही, वॉशिंग्टनच राहिला. गाव सुटले, नाव सुटले नाही. त्याचा वंशज जॉन १६५६ च्या सुमारास ते नाव घेऊन अमेरिकेतील व्हर्जिनियात गेला. जॉनचा पणतू जॉर्ज हा अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष.

१७९१ मध्ये नव्या राजधानीस जॉर्जचे नाव देण्यात आले. एका खेड्याने माणसाला दिलेले नाव सहाशे वर्षांनी एका माणसाने नगराला दिले!