चंदनाची ओळख

गोदावरीच्या उत्तरेस, समर्थ रामदासांच्या जन्मग्रामाच्या म्हणजे जांबेच्या परिसरात, कुंभार पिंपळगाव हे गाव आहे. गावाच्या नावातच पिंपळ आहे, आणि पिंपळ ओळखण्यास कोणासही शास्त्र शिकावे लागत नाही. चंदनाची गोष्ट मात्र निराळी. चंदनाचे खोड व सहाण ज्यांच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, अशा घरांतील सुशिक्षित मंडळींस ‘उभा चंदनवृक्ष दाखवा’ असे म्हटले, तर त्यांपैकी बहुतेक निरुत्तर होतील. ज्याचा लेप आपण देवास लावतो, तो वृक्ष आपणांस अपरिचित असावा, हे नवल खरे. पण या अपरिचयाचा इतिहास फार जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चंदनाचे डझनावर प्रकार दिले आहेत. त्यांत एक तांबडा असून त्यास मातीचा वास येतो. एकास माशाचा वास येतो. हरिचंदन पोपटाच्या पिसासारख्या रंगाचे असून त्यास आंब्याचा गंध असतो. हे सर्व एकाच जातीच्या झाडाचे लाकूड असणे संभवत नाही. तेव्हा कोशागाराच्या अधिकाऱ्यास ‘चंदन’ हे बाजारातील मालाचे नाव होते, वृक्षाचे नव्हे, असेच म्हणावे लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तातही असाच घोटाळा आहे. भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या लाकडांत चंदन होते, असा त्याचा अर्थ पुष्कळ पंडित करतात. परंतु मूळ प्रतीतील शब्द दुरुस्त केल्यावाचून तो अर्थ निघत नाही. पैठणचा माल गाड्यांतून भडोचास जाई, हे त्याच ग्रंथात आहे. तथापि तेवढ्यावरून त्या गाड्यांत चंदन होते असे विधान करणे साहसाचे होईल.

पुढे १५३४ साली गोव्यास आलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात पांढरे व पिवळे चंदन तिमोर बेटातून येते असे लिहिले. येथूनच हा वृक्ष देशी की परका, हा वाद निघतो. कर्नाटकातील संगनकल्लू येथील उत्खननात ख्रिस्तपूर्व सुमारे १३०० च्या थरांतील कोळशांत चंदनाचे लाकूड ओळखले गेले आहे. तो येथे आपोआप उगवला की पूर्वेच्या बेटांतून आणला गेला, यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु तीन हजार वर्षांचा रहिवासी परका कसा म्हणावा? लिनियसने १७५३ साली त्यास ‘सँटालम आल्बम’ हे शास्त्रीय नाव दिले.

आता प्रत्यक्ष ओळख. चंदन हा लहान अथवा मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष होय. फांद्या बारीक व काहीशा लवलेल्या. साल काळपट, खरखरीत व उभ्या भेगांची. पाने समोरासमोर, लंबवर्तुळाकार, वरून तुळतुळीत व खालून फिकट. बारीक फुलांचे झुबके येतात. प्रत्येक फुलास चार दले असून ती प्रथम पिवळसर व मागाहून जांभळट तपकिरी होतात. त्यांस सुवास नसतो. फळ वाटाण्याएवढे किंवा थोडे मोठे, गोल, पिकल्यावर काळे जांभळे. ते पक्षी खातात व बी बांधाबांधांवर टाकतात. रक्तचंदन हे शिंबावर्गातील निराळेच झाड आहे. त्याचे पान बहुधा तीन पर्णिकांचे असते आणि लाकडास चंदनाचा गंध नसतो.

खरे नवल जमिनीखाली आहे. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांस चिकटून त्यांतून अन्नरस घेतात. ही गोष्ट जॉन स्कॉट याने १८७१ साली दाखविली. म्हणूनच रोपाजवळ तूर लावण्याचा प्रघात आहे. चंदनाच्या सहवासाने इतर झाडे सुगंधित होतात असे सुभाषितकार सांगतात. वस्तुतः चंदनच शेजाऱ्यांच्या आधारावर जगतो. बाहेरचे पांढरे लाकूडही निर्गंध असते. सुगंध असतो तो केवळ गाभ्यात, आणि तो गाभा भरण्यास अनेक वर्षे लागतात.

या गुणातच वृक्षाचा घात आहे. पान, फूल, साल यांपैकी कशासही वास नसल्यामुळे त्याची किंमत तो तोडल्यावरच कळते. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये त्यास राजवृक्ष ठरविले. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यातही चंदनाचे नाव आहे. इतके असूनही १९९८ साली जागतिक निसर्गसंरक्षण संघास त्याची गणना संकटग्रस्त जातींत करावी लागली. कायदा झाडाचे रक्षण करील, पण ते झाड कोणाचे व कोठे आहे हे ज्यास ठाऊक आहे त्याच्याच हातून. बांधावरचा चंदन मालकाने कधी ओळखलेला नसतो. चोराने मात्र अचूक ओळखलेला असतो. सकाळी राहिलेला बुंधा हुंगूनच मालकास आपल्या शेतात काय होते ते समजते.

झिजून सुगंध देणारा म्हणून आपण चंदनाचे गुणगान पुष्कळ केले. आता झिजण्यापूर्वीच्या चंदनाकडेही पाहावयास हवे. मुलास गंध उगाळावयास शिकविणाऱ्या आईबापांनी एखाद्या सुटीत त्यास बांधावर नेऊन समोरासमोरची ती तुळतुळीत पाने व काळी फळे दाखवावीत. घरचे माणूस ओळखण्याइतकीच ही ओळख साधी आहे, आणि ती वेळेवर झाली तरच उपयोगाची.