लॅपटॉपवर मोबाइल चार्ज करताना सावधान!

कचेरीत काम करता करता मोबाइलची बॅटरी उतरली, की आपला हात सहज लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टकडे वळतो. भिंतीवरचा प्लग शोधण्याचे कष्ट वाचतात. मात्र भिंतीवरच्या प्लगमधून केवळ वीज मिळते. लॅपटॉपमधून विजेबरोबर माहितीचीही ये-जा होऊ शकते. बँकेचे व्यवहार आणि 'ओटीपी' ज्या मोबाइलवर अवलंबून आहेत, त्याच्या बाबतीत हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

केबलच्या आत
नेहमीच्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारा पाच व्होल्टची वीज वाहून नेतात, तर उरलेल्या दोन माहितीची देवाणघेवाण करतात. जोडणी होताच संगणक 'कोणते उपकरण जोडले गेले?' याची विचारणा करतो. धोक्याचे मूळ याच दोन तारांत आहे.

धोका दुहेरी
जानेवारी २०१४ मध्ये 'सिमँटेक' कंपनीने 'ड्रॉइडपॅक' हा घातक प्रोग्रॅम उजेडात आणला. विंडोज संगणकात शिरून तो यूएसबीने जोडलेल्या अँड्रॉइड मोबाइलवर बनावट अ‍ॅप चढवत असे. हे अ‍ॅप दक्षिण कोरियातील बँकांची खरी अ‍ॅप काढून नकली बसवण्यास ग्राहकाला उद्युक्त करी. मोबाइलमध्ये 'यूएसबी डीबगिंग' ही सोय सुरू असली, तरच त्याचे फावत असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आढळलेला 'वायरलर्कर' मॅक संगणकातून आयफोनमध्ये शिरत असे.

उलट दिशेनेही संसर्ग होतो. २०१३ मध्ये मोबाइलची 'साफसफाई' करण्याच्या मिषाने आलेले एक अँड्रॉइड अ‍ॅप मेमरी कार्डावर घातक फाइल ठेवत असे. 'ऑटोरन' सुरू असलेल्या विंडोज संगणकाला मोबाइल जोडताच ती फाइल कार्यान्वित होई आणि संगणकाच्या मायक्रोफोनवरून संभाषण ध्वनिमुद्रित करी.

किल्ली आपल्याच हाती
या अनुभवांतून कंपन्यांनी बंदोबस्त वाढवला. २०१३ च्या आयओएस ७ पासून आयफोन 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का?' असे विचारतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून यूएसबी जोडणी मुळात केवळ चार्जिंगपुरती असते. परंतु घाईघाईत होकार दिला, तर हा बंदोबस्त निरुपयोगी ठरतो. शिवाय तो अभेद्यही नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले, की चार्जरचे रूप घेतलेले घातक उपकरण मोबाइलधारकाच्या नकळत हा होकार स्वतःच देऊ शकते.

काय करावे?
* परक्या किंवा सार्वजनिक संगणकावर मोबाइल चार्ज करू नये. स्वतःचा चार्जर वा पॉवर बँक जवळ बाळगावी.
* केवळ चार्जिंग करायचे असल्यास विश्वासाच्या प्रश्नाला नकार द्यावा.
* 'यूएसबी डीबगिंग' बंद ठेवावे.
* नाइलाज असल्यास माहितीच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबल वापरावी.
* मोबाइल व लॅपटॉप या दोन्हींची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी.

स्वतःच्या निर्धोक लॅपटॉपवर मोबाइल चार्ज करण्यास भिण्याचे कारण नाही. मात्र तो लॅपटॉप खरोखरच निर्धोक आहे ना, याची खातरजमा आधी करावी.