चुकांचे दप्तर कोणाच्या घरी?

हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेल्या मार्क-२ या संगणकाची एक नोंदवही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्या ९ सप्टेंबर १९४७ या तारखेच्या पानावर चिकटपट्टीखाली एक पाकोळी आहे. ती ७० क्रमांकाच्या रिलेत अडकली होती. यंत्र सांभाळणाऱ्यांनी तिला काढून पानावर चिकटवले आणि खरोखरचा ‘बग’ सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशी नोंद केली. बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याआधीची. एडिसनच्या १८७८च्या एका पत्रातही ती दिसते. म्हणून तर नोंदीतली थट्टा कळते. चूक, तिची वेळ, तिची जागा आणि पुरावा एकाच वहीत होते आणि वही यंत्राशेजारी होती.

पुढे प्रोग्राम त्या खोलीतून बाहेर पडले. आज चूक घडते ती कोणाच्या तरी मोबाइलवर किंवा दूरच्या सर्व्हरवर. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती दिसतही नाही. प्रत्येक यंत्र आपल्यापुरती ‘लॉग’ फाइल लिहीत असे, पण हजारो ओळींत एकच चूक शेकडो वेळा आली, तर वाचणार कोण? या अडचणीतून २००८ मध्ये डेव्हिड क्रेमर यांनी जँगो या पायथनच्या चौकटीसाठी चुका डेटाबेसात नोंदवणारी एक छोटी जोडणी लिहिली. तिचेच पुढे ‘सेंट्री’ झाले. सेंट्री म्हणजे पहारेकरी.

तिचे काम असे चालते. प्रोग्रामात एक लहानसा भाग बसवायचा. चूक घडली की तो चुकीचा प्रकार, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी, आवृत्ती, ब्राउझर अशी माहिती गोळा करून ठरलेल्या पत्त्यावर धाडतो. तिथे सारख्या चुका एका गठ्ठ्यात बांधल्या जातात. मात्र लिहिणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर या पुडक्यात वापरणाऱ्याचे नाव, ईमेल, रुग्णालयाच्या प्रोग्रामात आजाराचा तपशील, असे बरेच काही जाऊ शकते. हे दप्तर कोणाच्या घरी ठेवायचे, हा प्रश्न म्हणून गंभीर ठरतो. सेंट्रीची कंपनी ते पैसे घेऊन स्वतःकडे सांभाळते. पण कोड उघडा असल्याने ते आपल्या सर्व्हरवर ठेवण्याची वाटही पहिल्यापासून होती.

ही वाट सोपी केली कंटेनरांनी. न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले ते एप्रिल १९५६ मध्ये. आत काय आहे हे न पाहता पेटी उचलायची, ही त्यामागची कल्पना. संगणकात तिची पूर्वतयारी हळूहळू झाली: १९७९ च्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’, २००० मध्ये फ्रीबीएसडीचे ‘जेल’, २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात ‘सीग्रुप्स’. मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा येथील पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या भाषणात ‘डॉकर’ दाखवले. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे काही आता एका पेटीत बसू लागले. कोणत्या पेट्या हव्यात आणि त्या एकमेकींशी कशा बोलतील, हे एका फाइलीत लिहिले की ‘कंपोज’ त्या सगळ्या उभ्या करते.

पण दार सोपे झाले, तसे घरातले सामान वाढले. पूर्वी सेंट्रीच्या स्वतःच्या प्रक्रियांना पोस्टग्रेस आणि रेडिस यांची मुख्य सोबत पुरत असे. मोठ्या साठ्यात झटपट शोध घेता यावा म्हणून पुढे रांगेसाठी काफ्का आणि साठवणीसाठी क्लिकहाउस आले. आज स्वतःकडे सेंट्री चालवायची, तर किमान चार कोअर आणि १६ जीबी मेमरी हवी असे सांगितले जाते. परवानाही बदलला. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीएसडी परवाना सोडला गेला आणि २०२३ मध्ये आणखी नवा आला: स्वतःसाठी खुशाल चालवा, पण स्पर्धक सेवा विकू नका, दोन वर्षांनी तो कोड पूर्ण खुला होईल. दरम्यान ‘ग्लिचटिप’सारखे मोजक्या पेट्यांत मावणारे पर्याय उभे राहिले. प्रोग्रामात बसवलेला सेंट्रीचा भाग तोच ठेवायचा, फक्त पत्ता बदलायचा.

हक्क कागदावर राहिला आणि पेलण्याची ताकद मोठ्यांकडे सरकली, असे यावर म्हणता येईल. ते बऱ्याच अंशी खरे आहे. डिस्क भरते, आवृत्त्या बदलाव्या लागतात, प्रती काढाव्या लागतात. दप्तर आणि प्रोग्राम एकाच यंत्रावर ठेवले, तर यंत्र पडताच साक्षीदारही जातो.

तरीही हे ओझे उचलण्यामागे गुप्ततेखेरीज आणखी एक कारण आहे. स्वतःच्या यंत्रावर बसवायच्या सेंट्रीत घटना ९० दिवसांनी पुसल्या जातील, असे आधीच ठरवलेले असते. पाकोळी टिकली, कारण ती वही कोणी टाकून दिली नाही. रुग्णाची माहिती आठवड्यात पुसावी आणि मोठ्या बिघाडाची नोंद वर्षानुवर्षे जपावी, हे ज्याच्या घरात चूक घडली त्यालाच कळते. आपल्या यंत्रावर ती मुदत म्हणजे फाइलीतली एक ओळ असते आणि तिच्यातला आकडा आपण लिहू शकतो.