शिरूतल्या वाफेत भोपळा

उत्तर कोरियातल्या ह्वांगहे भागात आनाक इथे इ.स. 357 सालची एक कबर आहे. तिच्या भिंतीवर स्वयंपाकघर रंगवलेलं दिसतं. चुलीवर मोठं भांडं आहे आणि एक बाई त्यात शिजतंय ते तपासते आहे. तेच ‘शिरू’, म्हणजे बुडाला भोकं असलेलं मातीचं भांडं. खाली पाणी उकळतं, भोकांतून वाफ वर येते आणि आतलं धान्य शिजतं. पुढे लोखंडी भांड्यात भात शिजू लागला, तरी शिरू मोडीत निघालं नाही. ते ‘त्तॉक’साठी, तांदळाच्या वड्यांसाठी, टिकून राहिलं.

वाफेवरचा त्तॉक करायला सहसा पीठ मळत नाहीत. तांदूळ भिजवून, निथळून, मीठ घालून दळतात. पिठावर थोडं पाणी शिंपडून ते हाताने चोळतात आणि चाळतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हलकेच हलवला तरी फुटू नये, एवढाच ओलावा हवा. चाळलेलं पीठ शिरूत मोकळं भरतात, कारण दाबलं तर वाफ अडते आणि मधला भाग कच्चा राहतो. शिरू आणि खालचं भांडं यांच्यातली फटही पिठाच्या पट्टीने लिंपून घेतात. सगळं कसब ओलावा आणि वाफ राखण्यात आहे.

भोपळा मूळचा अमेरिकेतला. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास तो कोरियात पोचला, तेव्हा शिरूला हजार वर्षं उलटून गेली होती. पिकलेल्या भोपळ्यात पाणी भरपूर असतं आणि जास्तीच्या पाण्याने पीठ चिकट होतं. यावर दोन उपाय रूढ झाले. एक, वाळवणाचा. शरदात भोपळा सोलून त्याच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवायच्या आणि थंडीत त्या भिजवून, पिळून, गोड करून पिठात मिसळायच्या. या वाळवणाला ‘होबाकगोजी’ म्हणतात. वर-खाली अझुकी या लाल कडधान्याच्या भरड्याचे थर दिले की शिरूत्तॉक तयार होतो. दुसरा उपाय असा, की शिजवलेला गर पिठात चोळायचा आणि शिंपडायचं पाणी तेवढं कमी करायचं. आपल्या घारग्यांतही भोपळ्याचा ओलावाच पीठ बांधतो. इथे मात्र गर पुन्हा चाळणीतून जातो आणि पिवळं पीठ भुसभुशीतच राहतं.

घर बदललं की लाल कडधान्याचा शिरूत्तॉक नव्या शेजाऱ्यांना वाटायची चाल आहे. लाल रंगाने अरिष्ट टळतं, अशी श्रद्धा. 2021 साली दक्षिण कोरियाने त्तॉक करण्याच्या परंपरेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. ही विद्या देशभर घरोघर असल्यामुळे तिचा अधिकृत धारक म्हणून कुणा एका व्यक्तीची नेमणूक केली नाही. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. परदेशी भोपळ्याला शिरूत जागा मिळाली ती कुणा एका आचाऱ्याच्या हुकमाने नव्हे. पिठाचा ओलावा हाताला कळणाऱ्या असंख्य बायकांनी ती करून दिली.